होई आनमध्ये सायकल कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. व्हिएतनामचा विषय निघाला की हा प्रश्न ठरलेला: "होई आनला स्कूटर भाड्यानं मिळते की! उन्हातान्हात सायकल कशाला हाणलीस? पैसे वाचवायला?"

हो, पैसे वाचवायलाच. सॅक पाठीला लावून महिना काढायचा होता आणि गेस्ट हाउसची सायकल फुकट होती. पुढे तारेची बास्केट, घंटी गायब, ब्रेक एकच लागणारा. शिवाय जुन्या गावात दिवसाचे बरेच तास स्कूटर-मोटारींना बंदी असते. १९९९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेलं हे गाव. चान फू रस्त्यावर कंदिलांखाली एवढी गर्दी, की सायकलही हातात धरूनच न्यावी लागली. खरं सांगायचं तर मला तिथं फार वेळ रमवेना.

गावाबाहेर पहिल्याच चौकात फजिती झाली. तिथं वाहनं उजव्या बाजूनं चालतात. मी वळले आणि सवयीनं डावी कड धरली. समोरून कोंबड्यांचं खुराडं बांधलेली स्कूटर! बाई काही न बोलता वळसा घालून निघून गेली. कोंबड्या मात्र बोलल्या.

आन बांगच्या किनाऱ्याकडे जाताना भातशेती लागते. तिथं साखळी पडली. ती चढवता चढवता हात काळे झाले, म्हणून पुसायला गवत शोधत होते, तेव्हा एक छोटी पाटी दिसली. शेतातून अरुंद वाट, तिच्या टोकाला बुटक्या भिंतीतली जुनी कबर. तानी याजिरोबेई, जपानी व्यापारी, मृत्यू १६४७. होई आनमध्ये तेव्हा जपान्यांची वस्तीच होती. १६३५ मध्ये जपाननं आपल्या लोकांना परदेशी जायला आणि बाहेर असलेल्यांना परत यायलाही मनाई केली. हा गडी म्हणे मायदेशी निघाला होता, पण इथल्या वाग्दत्त वधूसाठी मागे फिरला. प्रेमाची गोष्ट आहे, तिखटमीठ लागलेलं असणारच. पण कबरीचं तोंड ईशान्येला, जपानच्या दिशेला आहे, हे तिथं उभं राहिलं की कळतं.

चहूकडे गुडघाभर भात. बदकांची एक रांग कबरीच्या भिंतीला खेटून पाण्यात उतरली. मी भिंतीपाशी टेकले आणि बाटलीतलं पाणी ओतून हात धुतले. काळं काही निघालं नाही.

समुद्र गाठेपर्यंत अंधार पडला. पोहायचं राहिलंच.