कावळा

झोप येत नाही म्हणून लिहायला बसले. ताईचं परवाचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

चित्रकार झैनुल आबेदिनांची १९४३ च्या बंगालच्या दुष्काळातली चित्रं बघत होतो. एका पानावर हाडांचा सापळा झालेली आई, तिला बिलगलेलं पोर, जवळ कावळा. माझ्या तोंडून निघून गेलं, "काय कावळा काढलाय!" ताई एवढंच म्हणाली, "आणि ती बाई?"

मला रागच आला. मी निदान थांबून बघत तरी होते, बाकीच्यांनी भराभर पानं उलटली. दर वेळी मलाच का टोचायचं? आईच्या वेळीसुद्धा... जाऊ दे.

पण कावळा खरंच तसा आहे. कोरड्या ब्रशचे चार फराटे आणि चोच. बाईच्या बरगड्याही त्याच ब्रशच्या. मग माझी नजर कावळ्यावरच का गेली? रेषेचं कौतुक केलं की बाईकडे बघावं लागत नाही, म्हणून?

तेव्हा आबेदिन २८ वर्षांचे, कलकत्त्याच्या सरकारी आर्ट स्कूलमध्ये शिकवत होते. आदल्या ऑक्टोबरात मेदिनीपूरला चक्रीवादळानं झोडपलेलं, ब्रह्मदेश जपान्यांनी घेतल्यामुळे तिकडचा तांदूळ बंद, त्यांच्याच धास्तीनं सरकारनं किनाऱ्याकडच्या होड्याही काढून घेतलेल्या. २० ते ३० लाख माणसं गेली. खेड्यातली माणसं शहराच्या फुटपाथवर येऊन मरत होती आणि हे पॅकिंगच्या स्वस्त कागदावर चिनी शाईनं त्यांना काढत होते. रेषा मनासारखी उतरली की त्यांनाही क्षणभर बरं वाटत असेल का? आणि मग त्या बरं वाटण्याचं काय करत असतील?

त्यांचं 'संग्राम' हे चित्रही पुन्हा बघितलं. चिखलात रुतलेली बैलगाडी, चाकाला भिडलेला माणूस. याला मी आजवर जिद्द म्हणत आले. आज तो शब्द ओठांवर येईना. गाडी तिथं टाकून जाता येत नाही, म्हणून तो ढकलतोय.

मघाशी ते पान परत उघडलं. कावळ्यावर बोट ठेवून नुसत्या बाईकडे बघत राहिले, बराच वेळ. मग बोट काढलं. कावळा इतका जवळ आलाय, कारण त्याला हाकलणारं कुणी उरलेलं नाही. हे मला परवा दिसायला हवं होतं.

ताईचं चुकलं नव्हतं. उद्या फोन करून सांगते तिला, बाई बघितली म्हणून.