डाव्या पायाचेच ऐकणारी मोटर

माझ्या ई-बाइकच्या, म्हणजे विजेच्या मोटरची मदत घेणाऱ्या सायकलच्या, ज्या लंगडण्याने तीन आठवडे माझी झोप उडवली होती त्याचे कारण परवा रात्री सापडले. मागच्या नोंदीत कळवल्याप्रमाणे मी जुना कॅडन्स सेन्सर काढून बॉटम ब्रॅकेटमध्ये, म्हणजे पायडलांची आस जिथे फिरते त्या भागात, पायाचा जोर मोजणारा टॉर्क सेन्सर बसवला होता. सांगाड्याची तिथली रुंदी ६८ मिलिमीटर असल्यामुळे तो कुठेही न घासता बसला आणि केवळ रस्त्यावरची चाचणी उरली होती. ती चाचणी घेतली आणि सायकल लंगडू लागली. सपाट रस्त्यावर फारसे जाणवत नसे, पण चढ लागला की पायडलच्या प्रत्येक फेऱ्यात मोटर एकदा जोर लावायची आणि एकदा सोडून द्यायची. पाठीमागून कोणी ढकलत आहे, मध्येच दमून थांबत आहे आणि पुन्हा ढकलत आहे, असा तो अनुभव होता.

हा बदल मुळात का केला, हे नव्याने आलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. बारा चुंबकांची चकती असलेल्या कॅडन्स सेन्सरला पायडल फिरते आहे एवढेच कळते. पायाचा जोर किती आहे हे कळत नाही. दोन चुंबकांमध्ये ३० अंशांचे अंतर असते आणि मोटरला वीज देणारा कंट्रोलर सेन्सरकडून तीन-चार स्पंद (विजेचे ठोके) मिळाल्याशिवाय हलत नाही. त्यामुळे जवळजवळ एक तृतीयांश फेरा कोरडा जातो आणि मग मोटर ठरलेल्या पूर्ण शक्तीनिशी जागी होते. काही महिन्यांपूर्वी पादचारी आणि सायकलस्वार अशा दोघांसाठी असलेल्या वाटेवर एका वृद्ध गृहस्थांच्या मागून मी अगदी सावकाश येत होतो. घंटी वाजवली, त्यांनी बाजू दिली, मी पायडलवर जोर दिला, आणि क्षणभर काहीच न होता सायकलने एकदम उडी घेतली. त्यांना धक्का लागला नाही, पण दचकून त्यांच्या हातातली पिशवी खाली पडली. मी थांबून त्यांच्या वस्तू गोळा करून दिल्या तेव्हा ते म्हणाले, "सायकल म्हणता आणि मोटारसायकलसारखी अंगावर घालता." माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण त्यांचे म्हणणे खरे होते.

तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे की ई-बाइकची लोकांतली प्रतिमा तिच्या वेगापेक्षा तिच्या पहिल्या दोन मीटरांवर अधिक ठरते. या सायकली आता मूठभर हौशी लोकांच्या राहिलेल्या नाहीत. जर्मनीत २०२३ मध्ये विकल्या गेलेल्या सायकलींपैकी निम्म्याहून अधिक विजेच्या मदतीने चालणाऱ्या होत्या. याचा दुसरा अर्थ असा की ज्यांनी ई-बाइक कधी चालवलेली नाही अशा असंख्य माणसांना ती पहिल्यांदा भेटते ती शेजारून जाताना. त्यांना आपला कंट्रोलर दिसत नाही, आपण सोल्डरिंग किती नीट केले आहे हेही दिसत नाही. सायकल आपल्या अंदाजाप्रमाणे हलते की नाही, एवढेच त्यांना कळते. यामाहाने १९९३ मध्ये जपानात आणलेली मदतनीस सायकल पायाच्या जोराच्या प्रमाणातच मोटर चालवत असे, आणि मला वाटते की "ही सायकलच आहे" हे लोकांना पटवण्याचा सगळ्यात प्रामाणिक मार्ग तोच होता. युरोपीय संघाच्या नियमांतही मोटर २५० वॅटची, मदत ताशी २५ किलोमीटरपर्यंतच आणि तीही पायडल फिरत असतानाच, अशी बंधने आहेत. ज्या अवजड गाड्यांवर पायडल केवळ पाय टेकवायला असतात आणि सगळा कारभार थ्रॉटलवर, म्हणजे हाताने फिरवायच्या मुठीवर, चालतो, त्यांनाही सरसकट ई-बाइक म्हटले जाते तेव्हा मला खरोखर वाईट वाटते, कारण त्यांच्या धडाक्याचा रोष आपल्या सायकलींवर निघतो.

आता लंगडण्याकडे येतो. पहिला संशय मी बॅटरीवर घेतला. माझा संच १० सेल मालिकेत जोडलेला, म्हणजे ३६ व्होल्टचा आहे आणि जुना झाला आहे. तेव्हा चढावर विद्युतदाब कोसळून बीएमएस (बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट) मध्येच पुरवठा तोडत असेल, असे वाटले. डिस्प्लेवर नजर ठेवून तोच चढ चार वेळा चढलो, पण आकडा ३५ व्होल्टच्या खाली एकदाही गेला नाही. मग मोटरचा जोर किती झपाट्याने चढावा याची कंट्रोलरमधील मांडणी बदलून पाहिली. लंगडणे थोडे मऊ झाले, पण गेले नाही. त्यानंतर सेन्सरची वायर मोटरच्या तीन जाड वायरींना खेटून जाते, तिथून गोंधळ शिरत असावा असे मानून ती वायर सांगाड्याच्या दुसऱ्या बाजूने नेली. शेवटी जोडणीतल्या सगळ्या पिना काढून पुन्हा सोल्डर केल्या. प्रत्येक प्रयोगात एक संध्याकाळ गेली आणि कारण काही केल्या ताकास तूर लागू देईना.

परवा सगळे बाजूला ठेवून सायकल भिंतीला टेकवली, मोटरची जोडणी काढून टाकली, मागचा ब्रेक रबराच्या पट्टीने आवळून चाक घट्ट केले आणि मल्टिमीटरची लाल पिन सेन्सरच्या संकेताच्या वायरीला, काळी पिन ऋण वायरीला लावली. पायडलवर भार नसताना ०.७६ व्होल्ट. डावे पायडल पुढे आडवे ठेवून त्यावर उभा राहिलो: २.१ व्होल्ट. ब्रेक सोडून क्रँक (पायडलचा दांडा) अर्धा फेरा फिरवला, उजवे पायडल पुढे आणले, पुन्हा ब्रेक आवळला आणि सगळे वजन त्यावर टाकले: ०.७७ व्होल्ट. मीटर बिघडला असावा असे वाटून पुन्हा डावीकडे गेलो, पुन्हा २.१. उजवीकडे पुन्हा काही नाही. माझ्या उजव्या पायाचे मोटरला काहीच ऐकू येत नव्हते.

एकदा हे दिसल्यावर कारण उघड आहे. चेनची चकती उजव्या क्रँकला लागून असते, त्यामुळे उजव्या पायाचा जोर थेट चकतीवर जातो. डाव्या पायाचा जोर मात्र संपूर्ण आस ओलांडून पलीकडे पोहोचतो आणि त्या भाराने आसाला सूक्ष्म पीळ पडतो. हा सेन्सर तोच पीळ मोजतो. दोन्ही बाजूंचे मोजणाऱ्या सेन्सरमध्ये आसावर एक वेगळी नळी असते आणि दोन्ही पायांचा जोर त्या नळीतूनच चकतीकडे जातो. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात "टॉर्क मोजतो" एवढेच लिहिलेले होते. एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, याचा उल्लेख कुठेही नव्हता. माझी आग्रहाची सूचना आहे की सेन्सर मागवण्यापूर्वी हा एक प्रश्न लेखी विचारावा आणि त्याचे लेखी उत्तर आल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

नवा सेन्सर मागवण्याआधी आहे त्यातून काय काढता येते ते पाहावे म्हणून सेन्सर आणि कंट्रोलर यांच्यामध्ये एक अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम लिहून चालवता येणारा छोटा बोर्ड) बसवला. सेन्सर एका फेऱ्याला ३६ स्पंद देतो. प्रत्येक स्पंदाला जोराचे माप घेऊन शेवटच्या ३६ मापांची सरासरी काढायची आणि ती थ्रॉटलच्या वायरीवर द्यायची, असा साधा हिशेब लिहिला. पहिल्याच चढावर लंगडणे नाहीसे झाले. ताशी आठ किलोमीटरच्या संथ गतीने मी चढत होतो आणि मोटरचा आवाज पायथ्यापासून माथ्यापर्यंत एकाच पट्टीत लागला होता. तो आवाज पुन्हा ऐकण्यासाठी मी खाली उतरून तोच चढ आणखी दोनदा चढलो.

दोष मात्र लगेच लक्षात आला. सरासरीला पूर्ण फेऱ्याची आठवण असते, त्यामुळे पाय सैल सोडला तरी मोटर आणखी एक फेरा जोर लावत राहते. पायडल पूर्ण थांबले तर १५० मिलिसेकंद स्पंद न आल्यास पुरवठा शून्य करण्याची तजवीज मी केली आहे. पण पाय फिरत ठेवून फक्त जोर कमी केला, जे गर्दीत आपण सतत करतो, तर जुन्या सेन्सरचाच हट्टीपणा थोड्या सौम्य रूपात परत येतो.

इथपर्यंत लिहून झाले आणि एक कल्पना सुचली, म्हणून ही नोंद अर्धवट ठेवून उठलो. उजवा पाय आत्ता जे करतो ते डाव्या पायाने अर्ध्या फेऱ्यापूर्वी केलेलेच असते. मग सरासरी कशाला हवी? १८ स्पंदांपूर्वीचे डाव्या पायाचे माप हेच उजव्या पायाचे माप मानायचे, आणि ते व आत्ताचे माप यांतले जे मोठे असेल ते मोटरला द्यायचे. बदल दहाएक ओळींचा होता. काल सकाळी तपासले, आणि पाय सैल सोडताच मोटर आता अर्ध्या फेऱ्यात सैल होते. दोन्ही पायडल वर-खाली उभी येतात त्या क्षणी जोर किंचित घसरतो, पण सायकलच्या गतीत तो विरून जातो. मोटरचा जोर शून्यापासून पूर्ण होण्यास किमान एक सेकंद लागावा, अशी मर्यादाही घातली आहे. दोन्ही बाजूंचा सेन्सर घेण्याचा बेत त्यामुळे मी रद्द केला होता.

"होता" असे लिहिण्याचे कारण खडूच्या रेषेत आहे. जमिनीवर रेषा आखून पुढचे चाक तिच्यावर ठेवायचे, थांबलेल्या स्थितीतून निघायचे आणि मोटर कुठे जागी होते तिथे दुसरी खूण करायची, अशी चाचणी मी प्रत्येक बदलानंतर घेतो. जुन्या सेन्सरवर हे अंतर सुमारे दीड मीटर भरत असे. आता डाव्या पायाने निघालो तर ते एका वितीएवढेच आहे. उजव्या पायाने निघालो तर मात्र डावा पाय खाली येईपर्यंत मोटरला काही कळण्याचा मार्गच नाही, आणि ते अंतर दोन मीटरांच्या वर जाते. मी स्वतःला डाव्या पायाने निघण्याची सवय लावून घेईन. पण पुढची सायकल आत्यासाठी बांधायची आहे, गुडघेदुखीमुळे तिने चार वर्षे सायकल सोडली आहे, आणि तिने आधीच बजावले आहे, "मला नवीन काही शिकायला लावू नकोस, बसले की निघाली पाहिजे." तेव्हा माझ्या सायकलवर ही अर्ध्या फेऱ्याची युक्ती राहील आणि आत्याच्या सायकलवर दोन्ही बाजूंचा सेन्सरच बसेल.

मोटर म्हणजे फसवणूक, असे म्हणणाऱ्या एका कट्टर सायकलस्वार मित्राला काल ही सायकल चढावर दिली. पायाने जोर दिल्याशिवाय ती काहीच देत नाही, हे त्याला दहा मीटरांत समजले आणि उतरताना त्याने चढ किती टक्क्यांचा आहे ते विचारले. युरोपातल्या सात शहरांतील लोकांच्या माहितीवर आधारलेला २०१९ चा एक अभ्यास मी त्याला सांगितला: ई-बाइक चालवणाऱ्यांचे एकूण शारीरिक श्रम साध्या सायकलस्वारांच्या तोडीचे भरले, कारण त्यांचे प्रवास अधिक लांबीचे होते.

बॅटरीविषयी एवढेच की आत्याच्या बॅटरीच्या संचात सेल जोडण्यासाठी "शुद्ध निकेल" म्हणून आलेली पट्टी परत पाठवत आहे. ग्राइंडरला लावताच लांब ठिणग्या उडाल्या आणि मिठाच्या पाण्यात ठेवलेला तुकडा दुसऱ्या दिवशी गंजला, म्हणजे ती निकेलचा मुलामा दिलेली पोलादाची पट्टी आहे. तिचा विद्युतरोध अधिक असल्याने भाराखाली ती तापते. बॅटरीला आग लागल्याच्या बातम्यांनी लोक धास्तावलेले असताना अशी पट्टी, जुन्या लॅपटॉपमधून काढलेले सेल किंवा हाताला लागेल तो चार्जर वापरण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे मी मानतो. १० सेलच्या मालिकेला ४२ व्होल्टचाच चार्जर लागतो, आणि तो आत्याला संचाबरोबर, त्याच जोडणीचा एकमेव चार्जर म्हणून देणार आहे.

ज्यांच्याकडे आसात बसणारा टॉर्क सेन्सर आहे त्यांनी मोटरची जोडणी काढून, ब्रेक आवळून, दोन्ही पायडलांवर आळीपाळीने उभे राहून व्होल्ट मोजावेत आणि दोन्ही आकडे कळवावेत. शक्य झाल्यास खडूच्या रेषेपासूनचे अंतरही, कोणत्या पायाने निघालात या नोंदीसह, लिहावे.