कुकडीकाठची परदेशी राख

जुन्नर तालुक्यात येणारा माणूस शिवनेरीवर चढतो, नाहीतर लेण्या बघतो. आम्ही मात्र नारायणगावहून बोरी बुद्रुकला गेलो, ते कुकडी नदीच्या दरडीतली ज्वालामुखीची राख बघायला. काठावरच्या मळ्यात पाणी देणाऱ्या दादांनी आम्हाला पाहूनच ओळखलं. "राखंला आलाय ना? पुण्याचे सर लोक येत्यात कवाकवा. उतरा खाली, पर खणू नका."

तपकिरी मातीच्या थरांमध्ये पांढुरका पट्टा लगेच दिसतो. खाली गळून पडलेली चिमूटभर बोटांत चोळली, तर भांडी घासायच्या पावडरीसारखी करकरली. भिंगाखाली काचेचे पारदर्शक, वाकडे तुकडे चमकतात. लाव्हारसातले वायूचे बुडबुडे फुटले, त्यांच्या या भिंती. मधूनच एखादा काळा, चपटा कण दिसतो: बायोटाइट, म्हणजे काळा अभ्रक. जड स्फटिक वाटेतच खाली बसतात, पण पातळ अभ्रक वाऱ्यावर लांब जातो.

ही राख सह्याद्रीची नव्हे. आपला काळा बेसाल्ट साडेसहा कोटी वर्षांचा आणि त्यात सिलिका (वाळूतलं मुख्य द्रव्य) कमी; या राखेत मात्र ती भरपूर. तिचा माग तीन हजारांहून अधिक किलोमीटरवरच्या सुमात्रातल्या टोबा ज्वालामुखीपर्यंत जातो.

खरी पंचाईत त्यापुढे आहे. टोबाचे मोठे उद्रेक एकाहून जास्त: साधारण 8 लाख, 5 लाख आणि 74 हजार वर्षांपूर्वीचे. त्यांच्या काचेचं रसायन जवळजवळ सारखंच. 1990 च्या दशकात काचेवर भिस्त ठेवून भारतातली अशी सगळी राख 74 हजार वर्षांपूर्वीची ठरवली गेली. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांना बोरीत अश्युलियन, म्हणजे आदिम अश्मयुगातल्या, दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या होत्या, त्यामुळे हा वाद नुसता राखेचा राहिला नाही. हत्यारांचं वयही त्याच थरावर ठरणार होतं.

इथे अभ्रक कामाला आला. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोब या बारीक कणांचं रसायन मोजणाऱ्या यंत्राखाली एकेका कणातलं लोह आणि मॅग्नेशियम मोजलं, की त्यांच्या प्रमाणावरून टोबाचे उद्रेक वेगळे काढता येतात. काचेला ते नीट जमत नाही. मला विचाराल तर काचेला उगाच जास्त भाव मिळाला. 2014 साली आर्गॉन पद्धतीने (खनिजात साठलेल्या आर्गॉन वायूवरून वय काढून) बोरी आणि मोरगावच्या राखेचं वय सात ते आठ लाख वर्षांच्या घरात आलं. 74 हजारांशी त्याचा मेळ बसत नाही. नदीने थर हलवले असतील, तर हातकुऱ्हाडींचा त्यांच्याशी नेमका संबंध काय, यावर मात्र वाद घालायला अजून जागा आहे.

परतीच्या वाटेवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या दिसल्या, पण थांबलो नाही. मोरगावला कऱ्हेच्या काठीही असाच थर आहे. मयुरेश्वराच्या दर्शनाला जाल तेव्हा खिशात भिंग असू द्या.