तांब्याच्या चकत्या: पेल्यावर चिंचेची डहाळी

मागच्या नोंदीपर्यंत काचेवर नक्षी कोरण्याचं सगळं काम हातातल्या रोटरी टूलवर, डायमंड बरने (हिऱ्याचे कण बसवलेल्या टोकाने) चाललं होतं. आता पूर्णपणे तांब्याच्या चकत्यांवर आलोय. इथे यंत्र जागचं हलत नाही, हलवायची ती काच, तीही चकतीच्या खालून वर टेकवत.

यंत्र घरगुतीच आहे. शिलाई मशीनची मोटर, पायात पॅडल, पट्टा आणि दोन बेअरिंगमधला स्पिंडल, म्हणजे चकती फिरवणारा दांडा. पॅडलमुळे वेग हाताशी राहतो (पायाशी म्हणा). मोठी चकती सावकाश फिरवायची, बारीक चकती जोरात. मोठीला वेग दिला की पेस्ट थेट चष्म्यावर.

पुण्यात तांबट आळी असल्यामुळे पत्र्याची चिंता नाही. पत्र्याची गोल चकती कापायची, दांडीला सोल्डर करायची आणि फिरती ठेवूनच कानशीने काठ घडवायचा. चकती जरा डुगडुगली तरी कापाची कड तुटक येते, म्हणून या घडवण्यात घाई नको. बरेच जण विचारतात, तांब्यासारख्या मऊ धातूने काच कशी कापली जाते? तांबं कापतच नाही. कापते ती कार्बोरंडमची (सिलिकॉन कार्बाइडची) कठीण पूड. तिचे कण मऊ तांब्यात रुतून बसतात आणि काठ म्हणजे त्यांची मूठ होते. पूड तेलात कालवायची, हवं तर थोडं रॉकेल घालायचं. वर टेकलेली चामड्याची पट्टी पेस्ट काठावर धरून ठेवते.

ही विद्या मुळात रत्नं कोरणाऱ्यांची. प्रागमध्ये कास्पर लेहमानने ती काचेवर आणली आणि 1609 साली सम्राट रुडॉल्फ दुसरा याने त्याला काच कोरण्याचा खास परवाना दिला. बोहेमियात, म्हणजे प्रागभोवतालच्या चेक प्रदेशात, ती अजून जिवंत आहे. तिथल्या कामेनिट्स्की शेनोव गावची काचकामाची शाळा 1856 पासूनची.

आता डहाळी. नक्षी म्हणून चिंच घेतली कारण तिची पानं चकतीला फुकट मिळतात. गोल काठाची लहान चकती पेल्याच्या फुगीर अंगाला क्षणभर टेकवली की लांबट, दोन्हीकडे निमुळती खळी पडते. ते झालं एक पान. देठाला व्ही आकाराच्या काठाची चकती. म्हणजे रेघ हाताने ओढायची नसते, ती काठात आधीच असते. आपण फक्त काच किती वेळ आणि किती तिरकी धरायची ते ठरवतो. कोपर उशीवर टेकलेले हवेत, नाहीतर दहाव्या पानाला हात थरथरतो.

खरी मजा चिंचेच्या आकड्यांत आहे. खोदकाम आत जातं, पण काचेच्या दुसऱ्या बाजूने पाहिलं की तेच उठून आलेलं दिसतं. म्हणून आकड्याचा जो भाग सर्वांत फुगीर, तो सर्वांत खोल. आधी मोठ्या चकतीने मधला फुगवटा खोदायचा, मग लहान चकत्यांनी कडेकडे यायचं, आणि दोन दाण्यांमधली आवळ सर्वांत उथळ. डोकं आधी हे उलटं मानायलाच तयार होत नाही. एकोणिसाव्या शतकात बोहेमियातल्या फ्रान्टिशकोव्ही लाझ्नेला पाण्याच्या उपचारांसाठी आलेल्या पाहुण्यांचे चेहरे डोमिनिक बीमान हा काच कोरणारा असेच काचेत उतरवायचा. नाकाचा शेंडा सगळ्यात खोल! माझा आकडा त्यापुढे बरा म्हणायचा.

टेकण्याची जागा दिसत नाही, वरून चकती आणि काळा चिखल. टेकवा, पुसा, बघा, पुन्हा टेकवा. मार्करची रेघ तेलात टिकत नाही, म्हणून पांढऱ्या रंगावर नक्षी काढून वर चपड्याचा (लाखेच्या वार्निशचा) हात देतो. पेला लेड क्रिस्टलचा (शिसं घातलेल्या काचेचा), जाड बुडाचा घेतलाय. साध्या सोडा काचेपेक्षा तो मऊ, त्यामुळे काप शांत येतो. काचेची पूड उडू नये म्हणून काम सतत ओलं ठेवायचं, तरी मास्क हवाच.

सध्या पानं पूर्ण, तीन आकड्यांपैकी दोन झालेत. पानं दुधी मॅटच ठेवणार, आकड्यांना मात्र अर्धवट पॉलिश द्यायचा विचार आहे. बुचाची चकती घडवून ठेवली आहे. त्यावर पॉलिशच्या पुडींपैकी आधी प्यूमिस घ्यावी की थेट सेरियम ऑक्साइड, हे ज्यांनी क्रिस्टलवर केलंय त्यांनी सांगा.