ओतायचं बटरक्रीम आणि माझा उपद्व्यापी हात

भाचीला सोळाव्या वाढदिवसाला काचेसारखा गुळगुळीत केक हवा होता, पण फॉन्डंट, म्हणजे केकवर पांघरतात ती साखरेची लाटलेली पोळी, नको. "मावशी, ते रबर चावल्यासारखं लागतं." डोंबिवलीत मी घरून केकच्या ऑर्डरी घेते, पण सगळा कारभार व्हिप्ड क्रीमचा. बटरक्रीमवर स्क्रेपर कितीही फिरवला तरी माझ्या हातून एखादी रेघ उरतेच. म्हटलं, या वेळी फासायचं नाही, ओतायचं.

प्रमाण सोपं आहे. 200 ग्रॅम बिनमिठाचं बटर, दोनदा चाळलेली 400 ग्रॅम आयसिंग शुगर, चार मोठे चमचे कोमट दूध, एक चमचा लिक्विड ग्लुकोज. सहा इंची केकला पुरून उरतं, आणि उरायलाच हवं. ओतताना हात आखडला की बाजू उघड्या पडतात.

दर वेळी केक कोण भाजणार? म्हणून सराव केला स्टीलच्या डब्यावर. डबा फ्रिजमध्ये गार करायचा, जाळीवर पालथा घालायचा, खाली परात. ओघळलेलं क्रीम खरवडून पुन्हा वापरायचं. सासूबाई म्हणाल्या, "डब्याला कसलं गं लोणी फासतेस?"

पहिल्या खेपेला फेटलेलं क्रीम ओतण्याइतकं पातळ व्हावं म्हणून मायक्रोवेव्हमध्ये सलग एक मिनिट ठेवलं. बटर तुपासारखं वर तरंगलं, साखर तळाला. बटर साधारण 32 ते 35 अंशांना पूर्ण वितळतं, आपल्याला त्याच्या जरा अलीकडे थांबायचं असतं. मग दहा-दहा सेकंद गरम करून दर वेळी ढवळायला लागले. भांडं बाहेरून जेमतेम कोमट लागलं आणि क्रीम धिरड्याच्या पिठासारखं पडायला लागलं की बस.

दुसऱ्यांदा धार छान पडली, पण डबा दिसत होता घावनासारखा जाळीदार. सवयीने बीटर जोरात फिरवून मी क्रीममध्ये नको तेवढी हवा भरली होती. तेव्हापासून शेवटचं ढवळणं उलथन्याने, हळूहळू, भांड्याच्या कडेला दाबत. तरी राहिलेले बुडबुडे टूथपिकने फोडते.

तिसऱ्या खेपेला मात्र काही कळेना. बुडबुडे नाहीत, क्रीम फाटलेलं नाही, तरी ते खांद्यावरून पदर घसरावा तसं सरसर खाली आलं. चूक दाखवली ती डब्यानेच. क्रीम गरम होईपर्यंत तो ओट्यावर पडून होता आणि जूनच्या दमट हवेत त्याला दरदरून घाम फुटला होता. केकवर हे थेंब मला कधीच दिसले नसते! मग क्रम उलटा केला. आधी क्रीम तयार, जाळी मांडलेली, आणि केक फ्रिजमधून अगदी शेवटी बाहेर.

खऱ्या केकला क्रम्ब कोटचा, म्हणजे केकचा चुरा धरून ठेवणाऱ्या क्रीमचा, पातळ थर देऊन अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवला. त्याआधी गरम पाण्यात बुडवलेल्या सुरीने तो थर नीट सपाट केला, कारण ओतलेलं क्रीम खालचा खड्डा झाकत नाही, उलट चमकवून दाखवतं. मग मधोमध ओतायला सुरुवात केली, गोल गोल फिरत कडेपर्यंत गेले, जाळी दोनदा अलगद आपटली. आरसाच!

तिथे थांबायचं होतं. पण एका कडेला बारीकसा ओघळ दिसला आणि मी उलथनं लावलं. तोवर वर साय धरली होती, तिला चांगली बोटभर सुरकुती पडली.

वाढदिवसाला भाचीने विचारलं, "मावशी, तिन्ही गुलाब एकाच बाजूला का गं?"

"डिझाइन आहे ते," म्हटलं.