जर्मनीची मंदी, नेदरलँड्सची चिंता आणि मधली नदी

जर्मनीची अर्थव्यवस्था २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे आकसल्याच्या बातम्या आपल्याकडच्या वर्तमानपत्रांतही आल्या, आणि तेव्हापासून घरच्या मंडळींचा फोन आला की ‘तुमच्याकडे नोकऱ्यांचे काय चालले आहे?’ हा प्रश्न ठरलेला असतो. मी जर्मनीत नव्हे, नेदरलँड्समध्ये राहतो, असे सांगून या प्रश्नातून सुटका होत नाही, आणि खरे पाहता होऊही नये. मी राहतो त्या नायमेगन शहरातून जर्मनीची हद्द सायकलने गाठता येते. इथल्या डच माणसांनी पलीकडच्या क्रानेनबुर्ग गावात स्वस्तात घरे घेतली आहेत. ते राहतात जर्मनीत आणि कामाला येतात इकडे. पेट्रोल, शाम्पू, बिअर यांसाठी इकडची मंडळी तिकडे जातात, तर जर्मनीत भाजलेल्या कॉफीवर किलोमागे २.१९ युरो इतका वेगळा कर असल्यामुळे जर्मन माणसे सीमेजवळच्या व्हेनलो या डच शहराच्या दुकानांतून पिशव्या भरभरून कॉफी नेतात.

पण ही किरकोळ खरेदी झाली. दोन्ही देशांमधला वस्तूंचा व्यापार वर्षाला २०० अब्ज युरोंहून अधिक आहे. २०२४ मध्ये जर्मनीच्या व्यापारी भागीदारांत अमेरिका आणि चीन यांच्यानंतर तिसरा क्रमांक लागला तो जेमतेम १ कोटी ८० लाख लोकसंख्येच्या या शेजाऱ्याचा. एवढा लहान देश त्या पंक्तीला कसा बसतो, याचे उत्तर नायमेगनमध्ये नदीकाठच्या बाकावर तासभर बसले तरी मिळते. ऱ्हाइन नदी लोबिथजवळ नेदरलँड्समध्ये शिरते आणि लगेच फुटते. तिचे सुमारे दोन तृतीयांश पाणी घेऊन जाणारा वाल हा फाटा आमच्या शहराला लागून वाहतो. रॉटरडॅमहून निघालेले लोहखनिज, कोळसा, तेल आणि कंटेनर याच पाण्यावरून जर्मनीतल्या ड्यूसबुर्गकडे सरकत असतात. कधी कधी एकच बोट पुढे जोडलेले सहा अवाढव्य तराफे ढकलत प्रवाहाविरुद्ध जाते, आणि त्यांतले खनिज ज्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्यांत पडणार, त्यांच्या मालक कंपनीने, म्हणजे थिसेनक्रुपने, नोव्हेंबर २०२४ मध्ये पोलाद विभागातली सुमारे ११,००० पदे कमी करण्याची योजना जाहीर केली. जर्मनीतल्या मंदीचा रॉटरडॅमशी काय संबंध, याचे याहून थेट उत्तर मला सापडलेले नाही.

हा मार्ग आपोआप मोकळा झालेला नाही. १८६८ च्या मानहाइम करारामुळे ऱ्हाइनवरची वाहतूक जकातमुक्त झाली आणि १८७२ मध्ये रॉटरडॅमपासून समुद्रापर्यंत नवा जलमार्ग खुला झाला. या दोन घटनांच्या जोरावर एक मध्यम व्यापारी शहर जर्मनीतल्या रूर खोऱ्यातल्या कारखानदारीचे बंदर बनले. नंतर चलनही जोडले गेले. १९८३ पासून डच गिल्डर जर्मन मार्कला घट्ट बांधलेला होता, आणि जर्मनीच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर बदलला की डच मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे प्रमुख विम डुइसेनबर्ग इतक्या तातडीने तीच री ओढत, की त्यांना ‘पंधरा मिनिटांचे गृहस्थ’ असे टोपणनाव मिळाले होते. युरो येण्याच्या तोंडावर, १९९८ मध्ये, हेच डुइसेनबर्ग युरोपीय मध्यवर्ती बँकेचे पहिले अध्यक्ष झाले.

या व्यापाराचे आकडे मात्र जपून वाचावे लागतात. डच निर्यातीचा मोठा भाग फेरनिर्यातीचा आहे, म्हणजे बाहेरून आलेला माल थोडीफार प्रक्रिया किंवा नुसते पॅकिंग करून पुढे पाठवायचा, ताटातले वाटीत. यात आपल्या महाराष्ट्राचाही खरा वाटा आहे. निफाड-दिंडोरीकडची निर्यातक्षम द्राक्षे न्हावाशेव्याहून निघतात ती मुख्यतः रॉटरडॅमला उतरतात, आणि तिथून त्यांतली बरीच जर्मनीच्या सुपरमार्केटांत जातात. भारतीय आकडेवारीत नेदरलँड्स हा आपल्या द्राक्षांचा सर्वांत मोठा ग्राहक दिसतो तो यामुळे. डच माणसाला द्राक्षांचे विशेष वेड आहे असे नव्हे. २०२४ च्या सुरुवातीला तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजांना आफ्रिकेला वळसा घालावा लागला, तेव्हा आपल्या बागायतदारांना त्याचा फटका बसला आणि इथल्या दुकानांतही माल उशिरा दिसू लागला. अशा व्यापारात हाताळणीची मजुरी, गोदामाचे भाडे आणि वाहतुकीचा पैसा मिळतो, पण दर युरोमागे देशात उरणारी कमाई बेताचीच असते. म्हणून ‘जर्मनीला होणारी निर्यात इतके टक्के घटली’ हा मथळा वाचला की त्यातली फेरनिर्यात किती आणि इथे बनलेला माल किती, हे आधी पाहावे.

खरी गुंतागुंत इथे बनणाऱ्या मालात आहे. आइंडहोवनशेजारच्या फेल्डहोवनमध्ये असलेल्या एएसएमएल कंपनीचे नाव आता आपल्याकडेही सर्वांना ठाऊक आहे. जगातल्या सर्वांत प्रगत चिप्स छापणारी अतिनील किरणांची यंत्रे हीच एक कंपनी बनवते, आणि तिथे काम करणारी मराठी कुटुंबे आइंडहोवन परिसरात पुष्कळ आहेत. या यंत्राला ‘डच यंत्र’ म्हणणे अर्धेच खरे आहे. त्यातले आरसे झाइस कंपनी जर्मनीतल्या ओबरकोखनमध्ये घडवते, त्यासाठी लागणारा लेझर डिट्झिंगनच्या ट्रुम्फकडून येतो, आणि २०१६ मध्ये एएसएमएलने झाइसच्या या विभागातला २४.९ टक्के हिस्सा १ अब्ज युरो मोजून घ्यायचे ठरवले. इथे विक्रेता कोण आणि ग्राहक कोण हा प्रश्नच गैरलागू ठरतो, कारण दोन देशांत मिळून हा एकच कारखाना चालला आहे.

अशा नात्याची दुसरी बाजूही आहे. लिम्बुर्गमधल्या बोर्न गावचा व्हीडीएल नेडकार हा नेदरलँड्समधला मोटारी तयार करणारा एकमेव मोठा कारखाना होता आणि २०१४ पासून तो बीएमडब्ल्यूसाठी मिनी गाड्या बनवत होता. जर्मन कंपनीने कंत्राट पुढे चालवायचे नाही असे ठरवल्यावर २०२४ च्या सुरुवातीला तिथले उत्पादन थांबले. हजारो माणसांच्या रोजगाराचा निर्णय म्युनिकमध्ये झाला, आणि इथल्या सरकारच्या हातात त्यावर करण्यासारखे फारसे काही नव्हते.

आमच्याच शहरातले नेक्सपेरिया प्रकरण तर याहून बोलके आहे. मोटारींना लागणाऱ्या साध्या, स्वस्त पण अत्यावश्यक चिप्स बनवणाऱ्या या कंपनीचे मुख्यालय नायमेगनला, मालकी विंगटेक या चिनी कंपनीकडे, मुख्य उत्पादन जर्मनीतल्या हॅम्बुर्गला, आणि त्या चिप्सचे शेवटचे काम बहुतांशी चीनमध्ये. ३० सप्टेंबर २०२५ रोजी डच सरकारने १९५२ च्या एका जुन्या कायद्याचा आधार घेऊन कंपनीच्या कारभारावर नियंत्रण आणले; चीनने लगोलग तिथून होणारी निर्यात रोखली; आणि काही दिवसांतच जर्मन मोटार उद्योगाने उत्पादन थांबण्याचा इशारा दिला. अखेर १९ नोव्हेंबरला डच मंत्र्यांनी आदेश स्थगित केला. हेगमध्ये घेतलेला निर्णय वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवागन कारखान्यापर्यंत किती लवकर पोहोचतो, हे तेव्हा सर्वांना दिसले. माझ्या मते सरकारची शंका रास्त होती, पण पाऊल उचलण्याआधी जर्मनीतल्या ग्राहकांकडे किती दिवसांचा साठा आहे याचा हिशोब झालेला दिसला नाही.

निसर्गही या व्यापारात मधून मधून हात घालतो. ऱ्हाइनवर काउब नावाच्या गावाजवळ पात्र उथळ आहे आणि तिथली पाण्याची पातळी दोन्ही देशांतले व्यापारी शेअर बाजाराच्या निर्देशांकाइतकी लक्षपूर्वक पाहतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये ती २५ सेंटीमीटरपर्यंत उतरली होती, आणि ऑगस्ट २०२२ मध्येही ४० सेंटीमीटरच्या खाली गेली. ही खोली मोजपट्टीवरची असते, प्रत्यक्ष नौकामार्ग त्याहून खोल असतो. तरीही अशा वेळी बोटींना क्षमतेच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाच माल घेऊन जावे लागते आणि भाडे कितीतरी पटींनी वाढते.

नदीला पर्याय म्हणून रेल्वे आहे, आणि ती हकिगत ऐकून कोकण रेल्वेची वाट पाहिलेल्या वाचकांना आपलेपणा वाटेल. रॉटरडॅमच्या बंदरापासून झेव्हेनारजवळच्या सीमेपर्यंत केवळ मालगाड्यांसाठी बांधलेला सुमारे १६० किलोमीटरचा बेटुवे मार्ग २००७ मध्ये सुरू झाला. जर्मनीने आपल्या बाजूला एमरिख ते ओबरहाउसन हा तिसरा लोहमार्ग टाकायचा, असे दोन्ही सरकारांनी १९९२ मध्येच ठरवले होते. त्या कामासाठी नोव्हेंबर २०२४ पासून सुमारे ८० आठवड्यांची मोठी अडवणूक सुरू झाली आणि मालगाड्या दुसऱ्या मार्गांनी वळवाव्या लागल्या. जर्मन शिस्तीचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा या मार्गाची फाइल पाहावी.

असे असूनही गेल्या काही वर्षांत एक गोष्ट अनपेक्षित घडली: जर्मनी आकसत असताना २०२४ मध्ये नेदरलँड्स सुमारे एक टक्क्याने वाढला. बेरोजगारी चार टक्क्यांच्या आसपास राहिली, आणि सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४५ टक्क्यांच्या आत, म्हणजे युरोपीय संघाच्या ६० टक्क्यांच्या मर्यादेपेक्षा बरेच खाली आहे. सेवाक्षेत्र, चिप यंत्रे, सरकारी खर्च आणि वाढलेले पगार यांनी कारखानदारीतली ढिलाई भरून काढली. म्हणून घरच्यांच्या प्रश्नाला माझे उत्तर असे असते की चिंता आहे, पण ती जर्मनीपेक्षा इथल्याच अडचणींची अधिक आहे.

पहिली अडचण विजेची. वीजवाहिन्यांची क्षमता संपल्यामुळे हजारो उद्योग जोडणीच्या प्रतीक्षायादीत आहेत. गंमत म्हणजे डच सरकारच्या मालकीच्या टेनेट कंपनीने २०१० मध्ये जर्मनीतल्या उच्चदाबाच्या वाहिन्यांचे मोठे जाळे विकत घेतले आणि पुढे तिथल्या अवाढव्य गुंतवणुकीचा भार डच तिजोरीला पेलेना. जर्मन सरकारला ते विकण्याच्या वाटाघाटी जून २०२४ मध्ये फिसकटल्या, आणि नंतर गुंतवणूकदारांना हिस्सा विकण्याचा मार्ग धरावा लागला. दुसरी अडचण नायट्रोजनच्या उत्सर्जनाची: २९ मे २०१९ रोजी इथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यासाठीच्या परवान्यांची जुनी पद्धत रद्द केली, आणि तेव्हापासून गोठे, रस्ते व घरबांधणी एकमेकांच्या वाट्याच्या उत्सर्जनासाठी भांडत आहेत. घरे नाहीत म्हणून बाहेरून येणारी माणसे अडतात, आणि माणसे अडली की आइंडहोवनच्या कंपन्या परदेशात विस्ताराची भाषा करू लागतात. तशी भाषा एएसएमएलने केल्यावर मार्च २०२४ मध्ये सरकारने त्या परिसरासाठी २.५ अब्ज युरोंची योजना घाईने जाहीर केली.

उत्तरेकडच्या ग्रोनिंगनमधला नैसर्गिक वायूही आता नाही. भूकंपाच्या धक्क्यांमुळे १ ऑक्टोबर २०२३ रोजी तिथला उपसा बंद झाला, आणि दशकानुदशके त्या वायूवर चाललेल्या पश्चिम जर्मनीतल्या घरांची उपकरणे एकेक करून वेगळ्या प्रकारच्या वायूसाठी बदलली जात आहेत.

मार्च २०२५ मध्ये जर्मनीने राज्यघटना दुरुस्त करून पायाभूत सुविधांसाठी ५०० अब्ज युरोंचा निधी मंजूर केला. पूल, रेल्वे, वीजजाळे यांची ती मागणी डच कंत्राटदारांकडे, यंत्रनिर्मात्यांकडे आणि बंदराकडे येईल अशी इथल्या अर्थतज्ज्ञांची अपेक्षा आहे, आणि ती चुकीची नाही. पण ज्या कारखान्याला वीजजोडणीसाठी थांबावे लागते, तो वाढीव मागणी स्वीकारणार कशी? जर्मनीला पूर्वेकडेही एक शेजारी आहे. पोलंडशी तिचा व्यापार वर्षानुवर्षे वाढत चालला आहे, आणि नायमेगनला जमले नाही ते काम पोझनानला नेण्यात जर्मन कारखानदाराला काहीच अडचण नाही.