आमची वाटचाल : कागद दाखवा, मग आकडा सांगतो

सुरुवातीलाच सांगून टाकतो, मी सीए नाही. पाटीवर ‘कर सल्लागार’ असं ठळक लिहिलंय, तरी जिना चढून आलेला माणूस ‘सीए साहेब आहेत का?’ असंच विचारतो. पहिली दहा वर्षं मी प्रत्येकाला दुरुस्त केलं, मग दमलो. टॅक्स ऑडिटला सही लागली की फाइल नीट बांधून सीएंकडे पाठवतो. त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही. बाकी रिटर्न, जीएसटी, पीटी (व्यवसाय कर) आणि नोटिशीची उत्तरं हे सगळं माझं. यंदा या कामाला पंचवीसहून जास्त वर्षं झाली. पोरगी म्हणाली, बाबा, एकदा लिहून तरी काढा, म्हणून लिहितोय.

१९९९ मध्ये मास्तर आणि मी एका टेबलावर बसलो. मास्तर शाळेतून निवृत्त झालेले, मी एका वकिलांकडे सेल्स टॅक्सची कामं करून तयार झालेला बी.कॉम. भांडवल म्हणजे रेक्झिन लावलेलं ते टेबल, दोन खुर्च्या, कार्बन पेपरचा गठ्ठा, पंचिंग मशीन आणि पुढे सेकंडहँड घेतलेला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. रिटर्न तेव्हा ‘सरल’ फॉर्मवर जायचं. दोन प्रती न्यायच्या, एकीवर पोहोच घ्यायची. शिक्का पुसट उठला तर मास्तर पुन्हा रांगेत उभे राहायचे. चलन चार प्रतींचं. शेवटच्या प्रतीवरही आकडा उठला पाहिजे म्हणून मास्तर बॉलपेन असं दाबायचे की खालच्या रेक्झिनवर पॅन नंबर कोरले जायचे. ते टेबल अजून माझ्याकडेच आहे. संध्याकाळी खिडकीतून तिरपं ऊन आलं की त्यावर अजून नंबर दिसतात. त्यातले काही पक्षकार आता हयात नाहीत.

मास्तरांचा नियम एकच होता : कागद दाखवा, मग आकडा सांगतो. कुणी दारातूनच ‘अंदाजे किती टॅक्स बसेल हो?’ असं विचारलं की ते चष्मा काढून ठेवायचे. चष्मा टेबलावर गेला म्हणजे आता बोलणं बंद.

२००५ मध्ये व्हॅट आला, २०१३ मध्ये पाच लाखांवरच्या उत्पन्नाला ऑनलाइन रिटर्न सक्तीचं झालं, मधल्या काळात मास्तर थकले आणि गेले. ती वर्षं बरी गेली. बऱ्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नसतं, कोब्रा फाइली वाढत जातात इतकंच.

जीएसटीबद्दल मात्र बोलायला हवं. १ जुलै २०१७ ला तो सुरू झाला आणि पहिल्या ३बी ची, म्हणजे महिन्याच्या एकत्रित रिटर्नची, तारीख होती २० ऑगस्ट. त्याआधीच्या दोन दिवसांत पोर्टलवर ते गोल फिरणारं चक्र किती वेळा पाहिलं, मोजदाद नाही. शेवटी तारीख २५ पर्यंत वाढली. आधी सांगितलं होतं की जीएसटीआर १ (विक्रीचं), २ (खरेदीचं) आणि ३ अशी तीन रिटर्न असतील, ३बी ही तात्पुरती सोय. त्यातली २ आणि ३ गेली, तात्पुरती ती राहिली. मी सेल्स टॅक्स प्रॅक्टिशनर म्हणून जुना होतो, तरी नवी परीक्षा द्यावी लागली. चाळिशी उलटल्यावर, पोरीच्या वयाच्या मुलांबरोबर संगणकासमोर. पास झालो. ते प्रमाणपत्र भिंतीवर आहे आणि आजवर एकाही गिऱ्हाइकाने वाचलेलं नाही.

अण्णांची ओळख इथे करून द्यायला हवी. अण्णा मोटार रिवाइंडिंगवाले, आमच्या दुसऱ्याच महिन्यातले पक्षकार. त्यांच्या वर्कशॉपमध्ये भिंतीला एक वाकवलेली तार आहे, आलेलं बिल सरळ त्या तारेत खोचायचं. महिनाअखेरीला तो सगळा झुबका तारेसकट माझ्या टेबलावर येतो. वार्निशचा वास, बोटांचे काळे ठसे आणि प्रत्येक बिलाच्या मधोमध भोक. हे भोक हमखास जीएसटी नंबरवरच पडतं. पंधरा अक्षरी नंबरातला नेमका एक आकडा गायब. मी दर महिन्याला सांगतो, अण्णा, कोपऱ्यात खोचा. ते म्हणतात, कोपरा फाटतो.

या माणसाचं एकदा वाईट झालं. तांब्याच्या वाइंडिंग वायरचं एक लाख वीस हजारांचं बिल, त्यावर १८ टक्क्यांनी २१,६०० रुपये जीएसटी. अण्णांनी सगळे पैसे दिले, माल आला, बिल तारेत गेलं. विकणाऱ्याने जीएसटीआर-१ भरलंच नाही. अण्णांच्या २बी मध्ये, पोर्टलवरच्या खरेदी बिलांच्या यादीत, ते बिल दिसेना, म्हणजे भरलेल्या जीएसटीची वजावट (क्रेडिट) नाही. अण्णा म्हणाले, “मी पैसे दिले, पावती आहे, वायर माझ्या हातात आहे. मग चोर मी कसा?” मला उत्तर देता आलं नाही, अजूनही येत नाही. माझं मत विचाराल तर हा कायद्यातला सरळ अन्याय आहे. विकणाऱ्याची चौकशी घेणाऱ्याने करायची, हे काम खात्याचं की अण्णांचं? तरी व्यवहाराचं सांगतो : दर महिन्याच्या १४ तारखेनंतर २बी काढून बघा, बिल दिसलं नाही तर पुढचं पेमेंट थांबवा. लाज वाटू देऊ नका. अण्णांना वाटली होती.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते.

२०२१ च्या सुमारास आमच्या समोरच्या रस्त्याला एक गाळा सुरू झाला. काचेचं दार, एसी, तीन मुलं, तीन लॅपटॉप. वर फलक : ‘रिफंड नाही, तर फी नाही.’ फी रिफंडच्या १५ टक्के. माझ्याकडे तेव्हा पगारदारांच्या २१४ फाइली होत्या, बहुतेक कारखान्यातली माणसं. फॉर्म १६ (पगार आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीचा दाखला) आणायची, पाचशे रुपये द्यायची, टॅक्स कापलेला बरोबर असेल तर रिफंड शून्य. शून्याचे पाचशे रुपये कोण देणार? पहिल्या वर्षी चाळीसेक गेले. त्यातला एक जण जाताना भेटून गेला, एवढा तरी चांगला.

“साहेब, कारखान्यातल्या माझ्या जोडीदाराला बेचाळीस हजार आले. तुमच्याकडे मला अकराशे आले होते.”

“त्याने कागद काय दिले?”

“कागद कसले? फॉर्म १६ आणि ओटीपी.”

तिथे काय चालतं ते या धंद्यातल्या माणसाला ऐकताक्षणी कळतं. कंपनीने फॉर्म १६ मध्ये ज्या वजावटी दिल्या नाहीत त्या रिटर्नमध्ये घालायच्या. राजकीय पक्षाला देणगी, ८०जीजीसी. नसलेल्या शैक्षणिक कर्जाचं व्याज, ८०ई. स्वतःच्या घरात राहणाऱ्याला घरभाडं. एका पठ्ठ्याच्या रिटर्नमध्ये मी नंतर ८०यू पाहिलं, म्हणजे स्वतःच्या अपंगत्वाची वजावट. तो माझे तीन जिने धावत चढून आला होता.

लोकांना वाटतं, रिफंड खात्यात आला म्हणजे सरकारने तपासून मान्य केला. तसं नसतं हो. रिटर्नला कागद जोडायचेच नसतात. बंगळुरूच्या सीपीसीत, म्हणजे खात्याच्या रिटर्न प्रक्रिया केंद्रात, रिटर्नमधल्या आकड्यांवर यंत्र गणित करतं, १४३(१) ची सूचना (हिशोबाचं पत्र) निघते आणि पैसे येतात. तपासणी होते ती नंतर, कधीकधी काही वर्षांनी. मी हे किती जणांना समजावलं असेल! ऐकून घ्यायचे, मान डोलवायचे आणि खाली उतरून रस्ता ओलांडायचे. माझ्या खिडकीतून दिसायचं.

२०२३ च्या हंगामात फाइली ६१ वर आल्या. कामाला असलेल्या मुलाला मी दुसरीकडे चिकटवून दिलं, भाडं दोन महिने थकलं, रात्री एका होलसेलवाल्याचं टॅलीचं काम घेतलं. मोह झालाच नाही असं म्हणणार नाही. जुलैतल्या एका रात्री एका माणसाचं रिटर्न उघडलेलं होतं, तोही आता सोडून जाणार हे दिसत होतं. ८०जीजीसीच्या रकान्यात पन्नास हजार घालून पाहिले. खाली रिफंडचा आकडा लगेच बदलतो, एकही प्रश्न न विचारता. मग मी चहा करून प्यालो, परत येऊन तो आकडा खोडला. आधी खोडला आणि मग चहा प्यालो, असं सांगायला आवडलं असतं. तो माणूस पुढच्या वर्षी आला नाहीच.

त्या दिवसांत अण्णा एकदा नुसतेच येऊन बसले. समोरच्या गाळ्यातला मुलगा त्यांच्याकडेही जाऊन आला होता, जीएसटीचं काम निम्म्या पैशांत करतो म्हणाला. अण्णांनी त्याला विचारलं, “भोकातला आकडा कसा शोधशील?” त्याला काही कळलं नाही. अण्णांना एवढं पुरलं.

मग हळूहळू हवा फिरली. लोकांना खात्याचे मेसेज येऊ लागले, वजावटी तपासून घ्या आणि चूक असेल तर सुधारा. १४ जुलै २०२५ ला आयकर खात्याने देशभरात दीडशे ठिकाणी एकाच वेळी तपासणी केली, रोख अशीच बोगस वजावटींची रिटर्न भरून देणाऱ्यांवर होता. समोरच्या गाळ्याचं शटर त्याच आठवड्यात खाली आलं. कुणी आलं होतं की नुसत्या धाकाने, मला ठाऊक नाही. आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

ऑगस्टमध्ये तो बेचाळीस हजारवाला जोडीदार माझ्याकडे आला. पोर्टलवर त्याचं खातं उघडायला पासवर्ड नाही, मोबाइल नंबर त्याचा नाही. आधारच्या ओटीपीने कसंबसं आत शिरलो. प्रोफाइलमध्ये ईमेल भलत्याच नावाचा, मागे नुसते आकडे. त्याने तो कधी पाहिलेलाही नव्हता. खात्याने पाठवलेली तीन पत्रं त्या मेलवर जाऊन पडली होती. मी ती स्क्रीनवर उघडली तेव्हा तो वाचत नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता.

तीन वर्षांची अद्ययावत (अपडेटेड) रिटर्न भरली, १३९(८ए) खाली. नशीब की पुनर्निर्धारणाची, म्हणजे जुनं रिटर्न पुन्हा उघडण्याची, नोटीस निघाली नव्हती, नाहीतर ही वाटही बंद होती. २०२५ च्या अर्थसंकल्पात मुदत दोनवरून चार वर्षं झाली म्हणून तर सगळ्यात जुनं वर्ष बसलं. पण फुकट काही नाही : कर आणि व्याज मिळून जी बेरीज होईल तिच्यावर अलीकडच्या वर्षाला २५ टक्के, त्याआधीच्याला ५०, त्याहून जुन्याला ६०. बेचाळीस हजारांचा रिफंड त्या सगळ्यात जुन्या वर्षाचा होता. म्हणजे बेचाळीस परत, त्यावर व्याज आणि वर पंचवीस हजारांहून जास्त. शिवाय समोरच्याला दिलेले ६,३०० केव्हाच गेलेले. हे न करता तपासणीत सापडला असता तर चुकवलेल्या कराच्या दोनशे टक्के दंड होता.

मी तिन्ही वर्षांचे मिळून साडेचार हजार सांगितले. तो म्हणाला, “साहेब, जरा कमी करा ना, आधीच बुडालोय.”

चार हजार घेतले. राग अजून आहे. समोरच्याला ६,३०० देताना याने हूं की चूं केलं नव्हतं, कारण ते ‘रिफंडमधून’ जात होते. फी कशाची द्यायची हे लोकांना कळतच नाही. मी जे लिहीत नाही त्याची फी असते बाबांनो, भरलेले रकाने तर यंत्रसुद्धा भरतं. गेलेल्यांतले पन्नास-साठ जण आता परतलेत. ‘तुमचं बरोबर होतं’ असं त्यातला एकही म्हणाला नाही. मी वाट बघत होतो, खोटं कशाला बोलू.

आता जाता जाता काही सांगतो, कुणी विचारलेलं नाही तरी. पोर्टलचा पासवर्ड स्वतःकडे ठेवा, माझ्याकडेही देऊन विसरू नका. वर्षातून एकदा प्रोफाइलमधला मेल आणि मोबाइल बघा. रिटर्नआधी पोर्टलवरची २६एएस (कापलेला टॅक्स) आणि एआयएस (खात्याला कळलेले तुमचे व्यवहार) ही दोन्ही पत्रकं उघडा, विसरलेल्या एफडीचं व्याज तिथे तुमच्या आधी पोहोचलेलं असतं. ‘बारा लाखांपर्यंत टॅक्स नाही म्हणजे रिटर्नही नाही’ हे डोक्यातून काढा. नव्या करपद्धतीत चार लाखांवर उत्पन्न गेलं की रिटर्न भरायचं, कर शून्य असला तरी. आणि ‘तारीख वाढेल हो’ असं मला सांगू नका. २०२५ मध्ये ती ३१ जुलैवरून १५ सप्टेंबर झाली, आणि मग मध्यरात्र व्हायला आली तेव्हा एक दिवस आणखी. त्या रात्री मी ऑफिसातच बसलेलो होतो, मुदतवाढीची बातमी आली तेव्हा शेवटचं रिटर्न नुकतंच गेलं होतं. जे दोन महिने वाढेल-वाढेल करत होते त्यांचंच.

आता १९६१ चा कायदा जाऊन २०२५ चा आला. मागील वर्ष (कमाईचं) वेगळं आणि असेसमेंट इयर (कर आकारणीचं) वेगळं, हे समजावण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. नव्या कायद्यात दोन्ही नाहीत, एकच ‘कर वर्ष’. सोपं झालं, चांगलं झालं. पण पाठ असलेली कलमं एका रात्रीत परकी झाली. रोज सकाळी जुनं कलम-नवं कलम असा तक्ता घेऊन बसतो, मास्तर असते तर त्यांनी तो रेक्झिनवर कोरला असता.

अण्णांचं वर्कशॉप आता मुलगा बघतो. तो तारेचा झुबका पाठवत नाही, बिलांचे फोटो व्हॉट्सॲपवर टाकतो. काल रात्री सतरा आले. तार भिंतीवर अजून आहे आणि मुलगाही आधी बिल खोचतो, मग काढून फोटो घेतो. एकाचं भोक बरोबर आठव्या अंकावर पडलेलं. मी फोन लावला, “अरे, इथे पाच आहे की सहा?” तो म्हणाला, थांबा, अण्णांना विचारतो.